असण्याची प्रचीती

गिरगावातल्या खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत, विडी-तंबाखूच्या दुकानावर संसार चालवणारे एक गृहस्थ आपल्या राहत्या घराच्या माळ्यावर रोज लोकांशी बोलत बसत. माळा लहान, छत खाली आलेलं, भिंतींवर गुरूंच्या आणि संतांच्या तसबिरी. १९७० नंतर या माळ्यावर येणाऱ्यांत युरोप-अमेरिकेतले लोक वाढत गेले. बोलणाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. ते मराठीत बोलत, शेजारी बसलेला कोणीतरी त्याचं इंग्रजी करून सांगे आणि प्रश्न पुन्हा मराठीत त्यांच्यापर्यंत पोचे. हे निसर्गदत्त महाराज. त्यांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तक आज जगातल्या अनेक भाषांत वाचलं जातं. ज्या भाषेत ते बोलले त्या मराठीत मात्र त्यांचं नाव सांगितल्यावर पुष्कळदा ओळख करून द्यावी लागते. आत्मानुभव या विषयावरच्या पुस्तकाची प्रस्तावना लिहिताना मी त्यांच्यापासून सुरुवात करतो आहे, त्यामागे ही एक खंत आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. या विषयाभोवती जमलेलं धुकं दूर करायला त्यांच्याइतकं स्वच्छ उदाहरण आपल्या जवळच्या काळात मला दिसत नाही.

धुकं आहे ते ‘अनुभव’ या कल्पनेभोवती. आत्मसाक्षात्कार म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतो तो प्रकाशाचा लोळ, कानात घुमणारा नाद, देहभान हरपलेला साधक. काहीतरी घडलं पाहिजे, आणि ते साध्या माणसाला घडत नाही, अशी आपली पक्की समजूत. त्यामुळे हा विषय एकतर चमत्काराच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, नाहीतर निवृत्तीनंतर वाचायच्या ग्रंथांच्या कपाटात. या पुस्तकात ज्या परंपरेचा परिचय आहे ती याच्या नेमकं उलट सांगते. जो अनुभव घ्यायचा तो आत्ता, या क्षणी, कुठल्याही तयारीशिवाय प्रत्येकाजवळ आहे. आपण आहोत हे आपल्याला कळतं, आणि ते कुणी सांगावं लागत नाही. साधना सुरू होते ती तिथून, आणि सगळा कस लागतो तो त्या एका जाणिवेपाशी टिकून राहण्यात.

उपनिषदांनी हा प्रश्न फार लवकर हाती घेतला. छांदोग्याच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतात आणि आपण काय काय शिकलो त्याची यादी देतात. वेद, इतिहास-पुराणं, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सगळं येतं. तरीही शोक गेलेला नाही, कारण शब्द कळले, आत्मा कळला नाही, असं ते स्वतःच कबूल करतात. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडायला निघतात तेव्हा मैत्रेयी संपत्तीचा वाटा नाकारते आणि जिने अमर होता येईल तीच गोष्ट मागते. तिला मिळालेलं उत्तर पुढे सगळ्या वेदान्ताचा कणा झालं: आत्मा पाहायचा, त्यासाठी ऐकायचं, ऐकलेल्याचा विचार करायचा आणि त्या विचारात मुरायचं. श्रवण, मनन, निदिध्यासन. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात स्पष्ट केलं आहे की धर्मजिज्ञासेत शास्त्रवचन पुरेसं असलं तरी ब्रह्मज्ञानाची परिणती अनुभवात व्हावी लागते. श्रुतीला सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या आचार्यांनी हे म्हणावं, याचं वजन मोठं आहे.

पण हा अनुभव इतर अनुभवांसारखा का नाही, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वेदान्तात त्यासाठी दहा जणांची जुनी गोष्ट आहे, आणि विद्यारण्यांनी चौदाव्या शतकात ‘पंचदशी’त तिचा पायरीपायरीने उलगडा केला. दहा जण नदी पार करतात. सगळे सुखरूप आले का म्हणून एक जण मोजतो. नऊच भरतात, कारण मोजणारा स्वतःला धरत नाही. दहावा बुडाला म्हणून रडारड सुरू होते. वाटेवरचा एक माणूस म्हणतो, दहावा जिवंत आहे. त्याने धीर येतो. मग तो म्हणतो, दहावा तूच. या दुसऱ्या वाक्याने जे कळतं त्यासाठी मोजणाऱ्याला नदीत उतरावं लागत नाही, ध्यान लावून बसावं लागत नाही. पहिलं वाक्य परोक्ष, म्हणजे ऐकीव, ज्ञान देतं; दुसरं अपरोक्ष, म्हणजे थेट. दहावा सापडला त्या क्षणी नवा कोणी आला नाही. फक्त चुकीची मोजदाद थांबली. आत्मज्ञान म्हणजे स्वर्गासारखं मिळवायचं फळ नव्हे, हे वेदान्ती जेव्हा हट्टाने सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हा दहावा असतो. जे मिळवलं जातं ते कधीतरी जातं. जे मुळात आहे ते फक्त ओळखायचं असतं.

मग माणूस स्वतःची फसवणूक कशी टाळणार? मला कळलं, असं कुणीही म्हणेल. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त यासाठी जी कसोटी दिली ती मला फार शहाणपणाची वाटते. शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती, या तिन्ही जुळल्या पाहिजेत. शास्त्र जे सांगतं, गुरू जे सांगतो आणि स्वतःला जे प्रत्ययाला येतं, त्यांत फट असेल तर काम अपुरं आहे. यातली कुठलीही एक काढून पाहा. नुसतं शास्त्र घेतलं तर पांडित्य उरतं. नुसता गुरू घेतला तर आंधळी निष्ठा, आणि तिची फळं आपल्या समाजाने भोगली आहेत, अजून भोगतो आहे. नुसता स्वतःचा अनुभव घेतला तर मनाच्या प्रत्येक तरंगाला साक्षात्कार म्हणायची सोय होते. रामदासांचा कल अखेर आत्मप्रचीतीकडे आहे; प्रचीतीवाचून बोलण्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता. पण दुसऱ्या दोन साक्षीदारांना त्यांनी बाहेर काढलं नाही.

मराठी संतांनी अनुभवाचा आग्रह धरला त्याला आणखी एक बाजू आहे, आणि ती विसरून हा विषय मांडणं मला अन्यायाचं वाटतं. ज्यांना वेदांचा अधिकार नाकारला होता त्या चोखोबांना, जनाबाईंना, तुकोबांना बोलायला दुसरी कुठली जमीन होती? स्वतःच्या अनुभवावर उभं राहूनच त्यांनी बोलण्याचा हक्क मिळवला. शिऊरच्या बहिणाबाईंनी, ब्राह्मण घरातल्या विवाहित स्त्रीने, सतराव्या शतकात तुकोबांना गुरू मानलं आणि त्याची किंमत घरात मोजली. तिचं आत्मकथनपर अभंगलेखन आपल्यापर्यंत आलं आहे. त्याच्या कितीतरी आधी ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त अज्ञानाचं खंडन केलं, आणि तेवढ्यावर न थांबता अज्ञानाच्या जोडीने उभं राहणारं ज्ञानही खोडून काढलं. आत्म्याला सिद्ध करायला शब्दाचाही उपयोग नाही, कारण जे स्वयंसिद्ध आहे त्याला दिव्याची गरज नसते, हा त्यांचा युक्तिवाद. मराठीत तत्त्वज्ञान नाही म्हणणाऱ्यांनी ते शब्दखंडनाचं प्रकरण एकदा शांतपणे वाचावं.

या जमिनीतून वर आलेली एक शाखा म्हणजे इंचगिरी संप्रदाय. तिची परंपरा नवनाथांतल्या रेवणनाथांपर्यंत मागे नेली जाते. तिचं प्रत्यक्ष क्षेत्र म्हणजे आजच्या सांगली, सोलापूर आणि विजयपूर जिल्ह्यांचा मराठी-कानडी सरमिसळीचा कोरडा मुलूख. निंबर्गीचे महाराज रंगाऱ्याच्या घरातले. त्यांच्या परंपरेत उमदीचे भाऊसाहेब महाराज आले, त्यांनी इंचगिरीला मठ उभारला आणि १९१४ साली देह ठेवला. गुरूने दिलेलं नाम, त्या नामाचं दीर्घ ध्यान, रोजचं भजन आणि दासबोधाचं वाचन, अशी त्यांची शिस्त होती. कानडी बोलणाऱ्या गावांत रामदासांचा मराठी ग्रंथ नित्यपाठात असावा, ही या सीमाभागाची खरी श्रीमंती. भाऊसाहेबांच्या शिष्यांत जमखंडीला १८८६ साली जन्मलेले रामचंद्र दत्तात्रय रानडे होते, पुढे गुरुदेव रानडे म्हणून ओळखले गेलेले. पुण्या-सांगलीत आणि मग अलाहाबाद विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान शिकवलं. १९२६ साली उपनिषदांवरचा आणि १९३३ साली महाराष्ट्रातल्या संतांच्या गूढानुभवांवरचा असे त्यांचे दोन मोठे इंग्रजी ग्रंथ आले. संतांना येणारे रूप, तेज, नाद यांचे अनुभव त्यांनी अभ्यासकाच्या काटेकोरपणाने तपासले. मात्र ज्या अनुभवाने माणसाची नैतिक वाढ होत नाही तो खरा मानायला ते तयार नव्हते. १९५७ साली निंबाळच्या आश्रमात ते गेले.

त्याच भाऊसाहेबांचे दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज, जन्म १८८८, सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे. गुरूंच्या पश्चात काही वर्षांनी त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. नाम घेत, ध्यान करत सावकाश चढत जाण्याचा मार्ग हा पिपीलिका मार्ग, मुंगीचा. त्याच्या पलीकडे जाता येत नाही का? गुरुबंधूंना हे पटलं नाही. त्यांनी एकट्याने प्रयत्न केला आणि विहंगम मार्गाचा, म्हणजे थेट विवेकाने पोचण्याचा, उपदेश सुरू केला. ध्यानाची निंदा त्यांनी केली नाही. पण ऐकलेलं नीट समजलं आणि त्यावर अखंड विचार राहिला तर वर्षानुवर्षं थांबण्याचं कारण नाही, एवढं ते ठामपणे सांगत.

त्यांची सांगण्याची रीत थोडी तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण ‘स्वतःला शोधा’ हा उपदेश नुसता ऐकून माणूस गोंधळतो. कुठे शोधायचं? सिद्धरामेश्वर चार देहांचा वेदान्ती आराखडा घेत आणि त्यावरून ऐकणाऱ्याला अक्षरशः चालवत नेत. आधी स्थूल देह. हात माझा, पाय माझा. जे माझं ते मी नव्हे, हे इथे सहज पटतं. मग सूक्ष्म देह: मन, बुद्धी, इंद्रियांच्या वृत्ती, प्राण. इथे माणूस जास्त अडकतो, कारण विचारांनाच तो ‘मी’ समजत आलेला असतो. पण विचार येतात-जातात, आणि ते आले-गेले हे कळतं. तेही बाजूला ठेवलं की समोर येतो कारण देह, आणि इथे बहुतेकांची वाट संपते. काहीच नाही. अंधार, विसर, कोरी नेणीव. गाढ झोपेत असते तशी स्थिती, फक्त जागेपणी समोर आलेली. कितीतरी साधक इथून घाबरून मागे फिरतात, आणि दुसरे कितीतरी या कोरेपणालाच समाधी समजून समाधानी होतात. सिद्धरामेश्वरांचं सांगणं असं की इथेच तग धरून राहायचं. काही नाही हे ज्याला कळतं आहे तो कोण, याकडे वळायचं. म्हणजे त्या विसराच्या पोटातूनच ‘मी आहे’ ही निखळ जाणीव वर येते. तो महाकारण देह, तुर्या. आणि तीही शेवटची नव्हे. जाणीव आहे तोवर जाणणारा आहे, म्हणून तिच्याही पलीकडे परब्रह्म. या चढणीत मला सर्वांत मोलाची वाटते ती तिसरी पायरी. साधनेत येणाऱ्या रितेपणाला इतक्या प्रामाणिकपणे नाव देणारे आणि तिथे थांबू नका म्हणून बजावणारे शिक्षक थोडेच.

सिद्धरामेश्वर १९३६ साली मुंबईत गेले; बाणगंगेजवळ त्यांची समाधी आहे. त्याआधी जेमतेम तीन वर्षं त्यांच्याकडे एक दुकानदार येऊ लागला होता. मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजेच पुढचे निसर्गदत्त महाराज; जन्म मुंबईचा, १८९७चा. हनुमान जयंतीला जन्म झाला म्हणून नाव मारुती. बालपण मालवणजवळच्या कांदळगावात, शेतीत. वडील गेल्यावर पोटासाठी मुंबई, थोडे दिवस कारकुनी, मग स्वतःची दुकानं: लहान मुलांचे कपडे, तंबाखू, विड्या. लग्न, चार मुलं. १९३३ साली एका मित्राने त्यांना सिद्धरामेश्वरांकडे नेलं. गुरूंनी सांगितलं ते थोडक्यात एवढंच: तू स्वतःला जे समजतोस ते तू नाहीस; ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा आणि तू कोण ते शोध. मारुतरावांनी ते खरं मानलं, आणि दुकान, घर सांभाळून जेवढा वेळ मिळे तेवढा त्या एका जाणिवेत घालवला.

गुरू गेल्यावर १९३७ साली त्यांनी घर सोडलं. हिमालयात जाऊन राहायचं असा बेत. भटकंतीत एका गुरुबंधूची भेट झाली, बोलणं झालं, आणि वैराग्यासाठी संसार टाकणं गरजेचं नाही हे उमगून ते परतले. आल्यावर पाहतात तर एकच दुकान शिल्लक. त्याच्यावर पुढचा संसार झाला. या परतीला मी त्यांच्या चरित्रात फार मोठी जागा देईन. आपल्याकडे संन्यासाच्या कथा भरपूर आहेत. गल्ल्यावर परत येऊन बसलेल्या ज्ञान्याची कथा जास्त दुर्मीळ आणि आपल्या जास्त उपयोगाची. ज्ञान झालं म्हणून त्यांनी भजनही सोडलं नाही. त्यांच्या घरी रोज ठरल्या वेळी भजन आणि गुरुपूजा अखेरपर्यंत चालली.

त्यांच्या शिकवणीचा गाभा गुरूंचाच, पण तो त्यांनी एका टोकापर्यंत नेला. ‘मी अमुक’ यातला अमुक सोडायचा आणि ‘मी आहे’ एवढ्यावर थांबायचं. नाव, जात, धंदा, वय, आठवणी, सगळं त्या ‘अमुक’मध्ये जातं. उरतो तो निव्वळ असलेपणा. आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत, घशाच्या कर्करोगाने आवाज खोल गेला असताना, ते आणखी पुढे गेले. हा असलेपणासुद्धा देहाबरोबर आलेला आहे, अन्नरसावर टिकून आहे, बालपणी केव्हातरी उगवला आणि एक दिवस मावळेल. मग तो उगवण्याआधी तू काय होतास, असं ते विचारत. ऐकणाऱ्याला दिलासा देण्यात त्यांना रस नव्हता. स्वतःच्या आजाराकडेही ते याच नजरेने पाहत. ८ सप्टेंबर १९८१ रोजी ते गेले, वय ८४.

त्यांचं बोलणं जगापुढे आणलं ते मॉरिस फ्रीडमन यांनी, आणि या माणसाचं महाराष्ट्राशी असलेलं नातं आपण लक्षात ठेवायला हवं. वॉर्सात ज्यू कुटुंबात जन्मलेला हा इंजिनिअर भारतात आला, गांधीजींच्या कामात शिरला, आणि औंध संस्थानात राजेसाहेबांनी प्रजेकडे सत्ता सोपवली त्या १९३९च्या प्रयोगात त्याचा हात होता. रमण महर्षींकडेही तो राहिला होता. खेतवाडीतल्या ध्वनिमुद्रित मराठी संवादांचा इंग्रजी अनुवाद फ्रीडमन यांनी केला आणि १९७३ साली मुंबईत चेतना प्रकाशनाने तो छापला. मराठीत हे संवाद ‘सुखसंवाद’ या नावाने आहेत. जगभरचे वाचक ज्याला प्रमाण मानतात ते पुस्तक अनुवाद आहे. जाणीव, नेणीव, आहेपणा, विज्ञान, मूळमाया हे शब्द आपल्याला ज्ञानेश्वरी-दासबोधापासून ओळखीचे. महाराजांच्या तोंडी ते आले की आपल्या कानांना सातशे वर्षांचा पडसाद ऐकू येतो. ही सोय न्यूयॉर्कच्या वाचकाला नाही. आपण ती वापरत नाही, एवढंच.

रमण महर्षींचा उल्लेख आला म्हणून एक तुलना. १८९६च्या जुलैत मदुराईला सोळा वर्षांच्या वेंकटरमणला एकाएकी मरणाची भीती वाटली. तो आडवा पडला, देह मेला असं धरून आत काय उरतं ते त्याने पाहिलं, आणि पुढचं आयुष्य तिथेच राहिला. त्यांना ना शास्त्र वाचावं लागलं, ना देहधारी गुरू करावा लागला. असं क्वचित घडतं. त्या एका घटनेवरून साधनेचा नियम बांधणं चुकीचं. खुद्द रमणांनीही पुढे येणाऱ्यांना ‘मी कोण’ या विचाराची चिकाटीची वाट सांगितली. दुकानदार मारुतराव आणि मदुराईचा तो मुलगा ज्या जागी भेटतात ती एकच: दोघांनीही ‘मी’ हा शब्द गृहीत न धरता तपासला.

एक धोका मात्र मोकळेपणाने सांगायला हवा. अद्वैताची भाषा उचलायला फार सोपी आहे. सगळं मिथ्या आहे, करणारा कोणी नाही, ही वाक्यं दोन दिवसांत पाठ होतात आणि मग ती आजाऱ्याची सेवा टाळायला, देणं बुडवायला, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवायलाही वापरली जातात. मी हे पाहिलं आहे आणि मला त्याचा संताप येतो. ज्यांच्या नावाने हे चालतं ते निसर्गदत्त महाराज दुकान चालवत होते, मुलं वाढवत होते आणि दारी येणाऱ्या प्रत्येकाला वेळ देत होते. रानड्यांची नैतिक वाढीची कसोटी आणि रामदासांच्या तीन प्रचीती यासाठीच हाताशी ठेवायच्या. बोलण्यातलं ज्ञान आणि वागण्यातला माणूस यांत अंतर असेल तर ज्ञानावर शंका घ्यावी, माणूस कितीही मोठा असो.

आता पुस्तकाविषयी. यातले लेख, निरूपणं आणि संवाद सलग वाचून संपवायचे नाहीत. एखादं पान वाचा, त्यात जे सांगितलं आहे ते आपल्याला खरोखर तसं दिसतं का ते पाहा, आणि दिसत नसेल तर मान डोलावू नका. तसं लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पानावर या. कारण देहाविषयीचा भाग मुद्दाम सावकाश वाचावा. ज्यांच्या घरी दासबोध आणि अमृतानुभव आहेत त्यांनी ते शेजारी ठेवावेत, कारण इथले कितीतरी धागे तिथून निघालेले आहेत. आणि जे वाचाल ते कुणाच्याही शब्दाखातर स्वीकारू नका, यात माझा शब्दही आला. आपण आहोत हे ज्याला कळतं आहे, त्याच्याकडून ते पडताळून घ्या.